विचारा तर खरं: विद्यापीठाच्या आत हे आर्ट्स-सायन्सचं कॉलेज कशाला?

गेल्या अंकात मेजर-मायनर (पदवीचा मुख्य विषय आणि जोडविषय) कसं निवडायचं यावर चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रं, मेल, व्हॉइस नोट्स आल्या की हा अख्खा अंक त्यातच गेला. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंग, लॉ, मेडिकल, बिझनेस सगळं असताना मधेच हे लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस नावाचं कॉलेज नेमकं काय करत असतं? सगळ्या पत्रांना जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. मुलीला एका नावाजलेल्या विद्यापीठात ॲडमिशन मिळालीय, पण तिथल्या लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजात. नातेवाईक विचारतात, बाकी कुठे नंबर लागला नाही म्हणून का? खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर देता येत नाही. हे कॉलेज म्हणजे ज्यांचं काही ठरलेलं नाही त्यांच्यासाठीची जागा आहे का? (एक बाबा)

दादा, नातेवाईकांचं काय घेऊन बसलात, हा गैरसमज विद्यापीठात पगार घेणाऱ्या लोकांमध्येही भरपूर आहे. नावातला ‘सायन्सेस’ हा भाग तर लोक ऐकतच नाहीत, ‘आर्ट्स’ ऐकलं की कान बंद. प्रत्यक्षात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित, सायकॉलॉजी, बऱ्याच ठिकाणी इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्ससुद्धा याच कॉलेजात असतात, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, संगीत यांच्या शेजारी. बाहेर काय राहतं, तर ज्या शिक्षणाच्या शेवटी एक ठराविक व्यवसाय उभा आहे ते, म्हणजे वकिली, डॉक्टरकी, इंजिनिअरिंग वगैरे.

आणि उरलेल्यांची जागा म्हणाल तर इतिहास बरोबर उलटा आहे. हार्वर्डचं कॉलेज १६३६ चं, मेडिकल स्कूल १७८२ चं, म्हणजे जवळपास दीडशे वर्षं तिथे फक्त कॉलेजच होतं आणि नंतर विद्यापीठ त्याच्याभोवती वाढत गेलं. मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बरमधले पहिले वर्ग १८४१ मध्ये सुरू झाले तेही याच शिक्षणाचे, आणि आजही तिथल्या कॉलेजचं नाव लिटरेचर, सायन्स अँड द आर्ट्स असंच आहे.

त्याहून मागे गेलात तर मध्ययुगातल्या पॅरिस विद्यापीठात आर्ट्सची फॅकल्टी, म्हणजे विद्याशाखा, सगळ्यात खालची मानायचे. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, मग अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत, असे सात विषय (बघा, चार तर सरळ गणिताच्या अंगाचेच) आणि ते केल्याशिवाय वरच्या फॅकल्ट्यांत, म्हणजे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक यांच्याकडे जायची साधारण वाट नव्हती. खालची म्हणजे पाया असं समजायचं की खालच्या दर्जाची असं समजायचं, यावरचं भांडण तेव्हापासून आजतागायत चालू आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९८ मध्ये फॅकल्ट्यांच्या याच भांडणावर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वरच्या तीन फॅकल्ट्या सरकारला हवी असलेली माणसं तयार करतात, पाद्री, न्यायाधीश, डॉक्टर, म्हणून त्यांनी काय शिकवायचं यात सरकारला रस असणारच, पण खालच्या फॅकल्टीवर कुणाचा हुकूम चालता कामा नये, कारण बाकीचे जे शिकवतात ते खरं आहे का हे तपासायचं काम तिचं. मला विचाराल तर या कॉलेजची भूमिका इतक्या सरळ शब्दांत नंतर फार कमी जणांनी सांगितलीय.

आज हे कसं दिसतं? तुमची मुलगी तिथे तिचा मेजर करेलच, पण त्याच वर्गात तिच्या शेजारी इंजिनिअरिंगची मुलं कॅल्क्युलस शिकत असतील, बिझनेसवाली स्टॅटिस्टिक्स करत असतील, पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलेली ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डोकं धरून बसलेली असतील. अमेरिकेत तर लॉ आणि मेडिकल दोन्हीकडे आधी पदवी घेऊन मगच जायचं असतं, त्यामुळे तिथल्या डॉक्टर-वकिलांपैकी फार मोठा भाग असल्याच कॉलेजातून गेलेला असतो. म्हणजे विद्यापीठातल्या इतर स्कूलची (इंजिनिअरिंग, बिझनेस वगैरे) मुलं फक्त त्यांच्या त्यांच्या इमारतीत जातात आणि या कॉलेजात मात्र कधी ना कधी सगळ्यांनाच यावं लागतं. नातेवाईकांना एवढं सांगा, पुरे.

राहिला मुद्दा काही न ठरलेल्या मुलांचा. हो, तीही असतात. साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मेजर ठरवायला वेळ मिळतो, हा तर या रचनेचा मोठा गुण आहे. सतरा-अठराव्या वर्षी ज्याला सगळं ठरलंय असं वाटतं त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

प्रश्न: मॅम, मला दोन ऑफर आहेत. एक छोटं, स्वतंत्र लिबरल आर्ट्स कॉलेज आणि दुसरं मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीच्या आतलं कॉलेज. ब्रोशर वाचले तर दोघांत एकच मजकूर आहे असं वाटतं!! खरा फरक काय असतो? (पुढच्या वर्षी कॉलेजात जाणारी)

अगं ब्रोशर सगळे एकसारखेच असतात, झाडाखाली बसलेली चार मुलं आणि हसणारे प्राध्यापक. फरक बघायचा तर वर्गात समोर कोण उभं असतं ते बघ.

अमेरिकेतली विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना असली स्वतंत्र कॉलेजं जवळपास पूर्णपणे पदवीच्या मुलांसाठीच असतात. पीएचडी करणारे तिथे जवळजवळ नसतातच, त्यामुळे लॅबमध्ये प्राध्यापकाला हात हवे असतील तर ते तुझ्यासारख्या मुलांचेच. थॉमस चेक हा रसायनाचा नोबेल (१९८९) मिळालेला माणूस ग्रिनेल नावाच्या अशाच छोट्या कॉलेजात शिकला, आणि विज्ञान शिकायला ही छोटी कॉलेजं चांगली का ठरतात यावर त्याने नंतर लेखही लिहिला. म्हणजे छोटं कॉलेज म्हणजे सायन्स कच्चं, हे डोक्यातून काढून टाक.

विद्यापीठाच्या आतल्या कॉलेजची गोष्ट वेगळी. तिथे डिपार्टमेंट मोठं, कोर्स भरपूर, चौथ्या वर्षी तुला झेपलं तर पीएचडीवाल्यांच्या सेमिनारमध्ये बसता येतं, लायब्ररी अफाट, एखादी अगदी दुर्मिळ भाषा शिकायची असेल तर तीही कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी शिकवत असतं. पण पहिल्या वर्षी तीन-तीनशेच्या हॉलमध्ये बसावं लागू शकतं, आणि प्रॅक्टिकल नि डिस्कशन सेक्शन टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारी पीएचडीची मुलं) घेतात, जे स्वतः त्यांच्या थिसिसच्या टेन्शनमध्ये असतात. काही टीए प्राध्यापकांपेक्षा भारी शिकवतात हेही खरंय हां.

म्हणून दोन्हीकडे मेल टाक आणि सरळ विचार. पहिल्या वर्षाचे कोर्स कायमचे प्राध्यापक घेतात की कॉन्ट्रॅक्टवरचे? तुझ्या आवडीच्या विषयात सगळ्यात छोटा वर्ग किती जणांचा असतो आणि तो कितव्या वर्षी मिळतो? इंजिनिअरिंग किंवा बिझनेस स्कूलचे कोर्स कॉलेजच्या मुलांना खरंच घेता येतात की कागदावरच, कारण बऱ्याच ठिकाणी त्या सीट्स आधी त्यांच्याच मुलांना दिल्या जातात आणि उरल्या तर तुम्हाला. मोठ्या विद्यापीठातल्या कॉलेजात जायचं मुख्य कारणच हे असतं की भिंतीपलीकडचं सगळं वापरता येतं, आणि दार बंद असेल तर मग मोठ्या विद्यापीठाची गर्दी तेवढी तुझ्या वाट्याला येणार. उत्तर गोलगोल आलं तर ते उत्तरच समज.

प्रश्न: मी अशाच एका कॉलेजात गणित शिकवतो. वर्षभर इंजिनिअरिंगच्या आणि बिझनेसच्या मुलांना कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा शिकवायचं, पेपर तपासायचे, आणि मीटिंगमध्ये मात्र आमच्या डिपार्टमेंटला ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’ म्हणतात. आमच्याकडे गणितात मेजर करणारी मुलं मोजकीच. मग डीन म्हणतात तुमची संख्या कमी आहे. संख्या कमी कशी, हजारो मुलं आमच्या हातून जातात! ताई, हे असं सगळीकडे असतं का? (वैतागलेला)

सगळीकडे. म्हणजे धीर द्यायला म्हणत नाहीये, खरोखर सगळीकडे, आणि यात तुमचा दोष कमी आणि हिशेब मांडायच्या पद्धतीचा जास्त आहे, तेव्हा जरा सविस्तर बोलू.

डिपार्टमेंटची किंमत मोजायच्या दोन पद्धती असतात. एक, तुमच्याकडून मेजर करून किती बाहेर पडले. दुसरी, तुम्ही एकूण किती क्रेडिट अवर शिकवले, म्हणजे कोर्सचे क्रेडिट गुणिले त्यात बसलेली मुलं. पहिल्या पद्धतीने गणित, फिजिक्स, तत्त्वज्ञान, भाषा सगळे बारीक दिसतात आणि दुसऱ्या पद्धतीने तेच सगळ्यात जास्त ओझं वाहणारे निघतात. कुठली पद्धत वापरायची हे वर ठरतं, आणि ज्या दिवशी कपात करायची असते त्या दिवशी नेमकी पहिली वापरली जाते असा माझा अनुभव आहे. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या तुटीचं कारण देऊन २८ मेजर आणि १४३ प्राध्यापकांच्या जागा कमी केल्या. बातम्यांमध्ये परदेशी भाषांचंच गाजलं कारण ते डिपार्टमेंट जवळजवळ संपवलं, पण त्याच यादीत गणिताचे एमएस आणि पीएचडीचे कोर्सही होते हे फार जणांच्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे आपण सायन्सवाले, आपल्याला कोण हात लावतंय, अशा भ्रमात राहू नका.

यात आणखी एक गुंता आहे तो पैशाच्या वाटपाचा. बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांत असं बजेट चालतं की प्रत्येक स्कूलने आपलं उत्पन्न आपण मिळवायचं आणि आपला खर्च आपण भागवायचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९७० च्या दशकात ही पद्धत आणली आणि मग बाकीच्यांनी उचलली, हार्वर्डमध्ये तर प्रत्येक टब आपापल्या बुडावर उभा अशी जुनी म्हणच आहे. फीचा वाटा, जो शिकवतो त्याच्याकडे जातो. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि मोठाले प्राथमिक कोर्स शिकवणाऱ्या कॉलेजला सुरुवातीला फायदाही होतो, कारण तुम्ही म्हणता तशी हजारो मुलं. पण मग इंजिनिअरिंगचा डीन हिशेब करतो की आपली मुलं बाहेर कशाला पाठवायची, आपणच ‘इंजिनिअर्ससाठी गणित’ काढू, बिझनेसवाले ‘मॅनेजर्ससाठी स्टॅटिस्टिक्स’ काढतात, कुणी लेखनाचा कोर्स काढतो, आणि एकाच कॅम्पसवर एकच विषय चार ठिकाणी, चार पातळ्यांवर शिकवला जायला लागतो. मुलाने नंतर मेजर बदलायचं म्हटलं तर ते क्रेडिट चालत नाही. आणि तुमच्या डिपार्टमेंटकडचे मोठे वर्ग गेले की ज्या पैशावर तुमचे आठ-दहा मुलांचे टोपोलॉजीचे (गणिताची एक वरच्या पातळीची शाखा) वर्ग चालत होते तो पैसाही जातो. हे सगळ्यात वाईट, कारण मोठ्या वर्गांनी छोटे वर्ग पोसायचे हीच या कॉलेजांची न बोललेली व्यवस्था असते. संस्कृत असो, ग्रीक असो, नंबर थिअरी असो, कुठलाही सहा जणांचा वर्ग स्वतःच्या फीवर चालत नाही, आणि चालावा अशी अपेक्षाही करू नये.

मग तुम्ही काय करायचं? ‘सर्व्हिस’ म्हटल्यावर चिडून उपयोग नाही, त्या मीटिंगमध्ये क्रेडिट अवरचा आकडा घेऊन जा. गेल्या पाच वर्षांत कुठल्या स्कूलच्या किती मुलांना शिकवलं याचा तक्ता रजिस्ट्रारकडे असतोच, मागितला की मिळतो. आणि सर, जरा कडू बोलते, रागावू नका. सर्व्हिस कोर्सकडे स्वतःच दुर्लक्ष करणारी गणित डिपार्टमेंट मी कमी पाहिली नाहीत. नवीन माणूस आला की त्याच्या गळ्यात इंजिनिअरिंगचं कॅल्क्युलस मारायचं, वीस वर्षं तीच उदाहरणं, इंजिनिअरिंगवाल्यांशी एकदाही बसून बोलायचं नाही की तुम्हाला मुलांना नेमकं काय येऊन हवंय. मग त्यांनी स्वतःचा कोर्स काढला तर आश्चर्य कसलं? दोन्ही डिपार्टमेंटचे दोन-दोन लोक वर्षातून एकदा सिलॅबस घेऊन बसले तरी अर्धं भांडण मिटतं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. मला कंपल्सरी फिलॉसॉफी आणि हिस्ट्रीचे कोर्स घ्यायला लावतात. फी मी कोडिंग शिकायला भरतो. हा टाइमपास कशासाठी?

एमआयटीमध्ये कुठलंही इंजिनिअरिंग करा, पदवीसाठी ह्युमॅनिटीज, आर्ट्स आणि सोशल सायन्सेसचे मिळून आठ कोर्स करावेच लागतात. आठ! आणि तिथे कोडिंग बरं शिकवतात असं ऐकून आहे. तुझ्या विद्यापीठात कंपल्सरी कोर्स कंटाळवाणा असेल तर ती तक्रार वेगळी आणि ती जरूर कर, वाईट शिकवलेली फिलॉसॉफी खरंच टाइमपास असते. पण तू बनवलेल्या सिस्टिमने एखाद्याचं कर्ज का नाकारलं असं कुणी विचारलं तर ‘मॉडेल तसं म्हणालं’ यापुढे दोन वाक्यं बोलता यायला हवीत, आणि ती कोडिंगच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

प्रश्न: ताई, तुम्ही या कॉलेजांचं इतकं कौतुक करता पण सिंगापूरचं येल-एनयूएस बंदच झालं ना? एवढा पैसा, एवढं नाव, तरी टिकलं नाही. मग विद्यापीठाच्या आत हे मॉडेल चालतच नाही असं का म्हणू नये? (नियमित वाचक)

चांगला प्रश्न आहे आणि कौतुक करणाऱ्यांनी तो टाळू नये. आधी काय झालं ते थोडक्यात, कारण सगळ्यांना माहीत नसेल. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर (एनयूएस) यांचा २०११ मध्ये करार झाला, २०१३ मध्ये पहिली बॅच आली, मुलं कॅम्पसवरच राहायची, सगळ्यांना सुरुवातीला एकच कॉमन करिक्युलम (सामाईक अभ्यासक्रम) ज्यात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे ग्रंथ शेजारी शेजारी वाचायचे, वर्ग लहान, प्राध्यापक जगभरातून आणलेले. पदवी मात्र एनयूएसची, येलची नाही, हे लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये एनयूएसने जाहीर केलं की हे कॉलेज आणि त्यांचा युनिव्हर्सिटी स्कॉलर्स प्रोग्रॅम एकत्र करून नवीन कॉलेज काढणार. २०२१ ची बॅच शेवटची ठरली आणि ती २०२५ मध्ये बाहेर पडली. आम्हाला आधी विचारलंच नाही अशी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची तक्रार होती आणि ती जगभर गाजली. कारणांमध्ये पैसाही होता, निधी ठरवल्याइतका जमला नाही आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च जास्त, असं तिथल्या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं. विद्यापीठाचं म्हणणं वेगळ्या वळणाचं होतं, की आंतरविद्याशाखीय शिक्षण मोजक्या मुलांना न देता खूप जास्त मुलांना द्यायचंय. त्याच सुमाराला त्यांनी आपल्या आर्ट्स आणि सायन्सच्या फॅकल्ट्या जोडून कॉलेज ऑफ ह्युमॅनिटीज अँड सायन्सेस सुरू केलं होतं.

आता माझं मत. मॉडेल चाललं नाही असं मी म्हणणार नाही, मुलं शिकत होती, प्राध्यापक शिकवत होते, बाहेर पडलेल्यांचं बरं चाललंय. चाललं नाही ते त्याचं विद्यापीठातलं स्थान. एका प्रचंड विद्यापीठात हजारेक मुलांचं सुंदर बेट, आणि बाकीच्या हजारो मुलांना त्या बेटाचा उपयोग फारसा नाही, तर मग बेटावरचा खर्च दर वर्षी कुणाच्या तरी डोळ्यात खुपणारच. आणि बेटाचं भवितव्य ठरवायचा अधिकार बेटावर नव्हता. माझ्यासाठी धडा हा आहे की असल्या कॉलेजला स्वतःचे कायम प्राध्यापक, स्वतःचं बजेट आणि विद्यापीठाच्या निर्णय घेणाऱ्या टेबलावर एक खुर्ची, तिन्ही लागतात, आणि त्याबरोबर बाकीच्या विद्यापीठाच्या रोजच्या उपयोगी पडावं लागतं. नुसतं उत्कृष्ट असून भागत नाही, आवडो न आवडो.

याच्या उलट नेदरलँड्सकडे बघा. तिथे मुलं पहिल्या दिवसापासून एकाच विषयाच्या पदवीत शिरतात, कायदा म्हणजे कायदा, केमिस्ट्री म्हणजे केमिस्ट्री. तशात हान्स आद्रियान्सेन्स या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने १९९८ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात युनिव्हर्सिटी कॉलेज काढलं, तीन वर्षांचं, इंग्रजीतून, निवडून घेतलेल्या मुलांसाठी, राहणं कॅम्पसवर. लोकांनी नाकं मुरडली. मग त्याच माणसाने मिडलबर्गला दुसरं काढलं, २००९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या दोन विद्यापीठांनी मिळून एक काढलं, २०१० मध्ये लायडनने हेगमध्ये, आणि आज तिथे हा प्रकार कुणाला नवा वाटत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठानेही २०१२ मध्ये अशीच पदवी सुरू केली. हीसुद्धा छोटी कॉलेजंच आहेत, यांच्यावरही श्रीमंती चोचले म्हणून टीका होते आणि ती अगदीच खोटी नाही. मग ती का टिकली? माझा तर्क असा की ती बाहेरून उचलून आणलेली नव्हती, आपल्याच विद्यापीठातल्या माणसांनी आपल्याच व्यवस्थेतल्या एका त्रासावर काढलेली होती (मुलं फार लवकर एका विषयात अडकतात, हा तो त्रास), मूळ विद्यापीठातले प्राध्यापक तिथे येऊन शिकवतात, आणि लहान वर्ग, ट्यूटर असल्या तिथे वापरून बघितलेल्या गोष्टी नंतर मोठ्या विद्यापीठात नेता येतात. मला तरी विद्यापीठाच्या आतल्या छोट्या कॉलेजचं सगळ्यात मजबूत समर्थन हेच वाटतं.

प्रश्न: यातून नोकरी लागते का? एका शब्दात सांगा.

लागते.

(बरं, दोन ओळी जास्त. मेजरवर बरंच अवलंबून, इकॉनॉमिक्स किंवा स्टॅटिस्टिक्सवाल्याला पहिली नोकरी पटकन, इतिहासवाल्याला जरा शोधावी लागते. इतिहासवाल्याने दोन-तीन डेटाचे किंवा लेखनाचे कोर्स आणि एक बरी इंटर्नशिप केली असेल तर ती शोधाशोध बरीच कमी होते, आणि अशी सरमिसळ करायची सोय याच कॉलेजात सगळ्यात जास्त असते, ती वापरा.)

प्रश्न: मी केमिस्ट्रीत संशोधन करतो, ग्रँट आणतो, पीएचडीची सहा मुलं सांभाळतो. कॉलेजचं म्हणणं मी पहिल्या वर्षाचा कोर्सही घ्यावा. एखादा चांगला लेक्चरर ते काम माझ्यापेक्षा छान करेल. माझा वेळ तिथे घालवण्यात विद्यापीठाचाच तोटा नाही का? (नाव नको)

अर्धं बरोबर बोलताय. चांगला लेक्चरर खरंच छान शिकवेल, आणि त्याला कायमची नोकरी, बढती आणि तुमच्याइतका मान मिळत असेल तर मी म्हणेन द्या त्यालाच. पण तसं होत नाही ना. प्रत्यक्षात तुम्ही सोडलेला वर्ग सेमिस्टरच्या आठवडाभर आधी नेमलेल्या, तीन ठिकाणी शिकवणाऱ्या, ऑफिससुद्धा नसलेल्या माणसाकडे जातो, आणि मुलांना पुढे शिफारसपत्र हवं असतं तेव्हा तो दुसऱ्या गावात असतो.

ही ओढाताण जुनी आहे. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स निघालं ते जर्मन पद्धतीच्या संशोधनावर भर देऊन, आणि बाकीची अमेरिकन विद्यापीठं त्यामागे धावली, पण त्यांनी एक गोष्ट केली जी जर्मनीत नव्हती, त्यांनी पदवीचं कॉलेज ठेवलं आणि त्याच्यावर संशोधनाचा मजला चढवला, प्राध्यापक दोन्हीकडे तेच. जर्मनीत हे सामान्य शिक्षण शाळाच, म्हणजे गिम्नाझियमच, उरकून टाकायची, त्यामुळे तिथे विद्यापीठात आलेला मुलगा सरळ विषयात शिरायचा. अमेरिकन पद्धतीत एकाच माणसाने सकाळी अठरा वर्षांच्या मुलांना मोल म्हणजे काय ते सांगायचं आणि दुपारी पीएचडीच्या मुलाचे स्पेक्ट्रा बघायचे. अवघड आहे, मान्य. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स प्रमुख असताना (१९२९ ते १९५१) कॉलेजसाठी वेगळेच प्राध्यापक ठेवून बघितले, खूप चांगलं शिकवणं झालं, पण डिपार्टमेंट आणि कॉलेज यांच्यात दोन तट पडले आणि त्याच्या नंतर ती व्यवस्था हळूहळू मोडावी लागली. कोलंबियाने १९१९ पासून कंटेम्पररी सिव्हिलायझेशन हा कोर्स सगळ्या मुलांना सक्तीचा ठेवलाय, छोट्या गटांत, आणि तो टिकलाय, पण तिथेही सिनियर प्राध्यापकांना त्यात आणायला दर वर्षी मिनतवाऱ्या कराव्या लागतात आणि बरेच वर्ग पीएचडीची मुलं नि नुकतेच पीएचडी झालेले लोक घेतात.

तेव्हा तडजोड सुचवते. दर वर्षी नको, तीन वर्षांतून एकदा पहिलं वर्ष घ्या, आणि घ्याल त्या सेमिस्टरला दुसरा कोर्स माफ करून घ्या, लेखी. तीनशेचा हॉल घेण्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या पंधरा मुलांचं सेमिनार मागा, तुमच्या संशोधनातल्या एखाद्या प्रश्नावर, बरीच कॉलेजं हे आनंदाने देतात. त्यातली दोन मुलं उन्हाळ्यात तुमच्या लॅबमध्ये येतील, बीकर फोडतील, आणि एखादी तिथेच राहील. आणि डीनला हेही सांगा की त्या लेक्चररला कायम करा, तुम्ही ग्रँट आणणारे आहात, तुमचं ऐकतील.